जेवणाची वेळ कोणाच्या हातात?

मराठीतल्या आरोग्यविषयक लेखनाचा मुख्य प्रश्न गेल्या दहा-बारा वर्षांत बदलला आहे. त्याआधी बहुतेक लेख 'काय खावं' हे सांगत. तूप की तेल, भात की भाकरी, साखर की गूळ असे ते वाद होते. आता प्रश्न आहे 'केव्हा खावं' हा. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला दोनदाच जेवण्याचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी व्याख्यानांतून आणि पुस्तकातून घरोघरी नेला. खरी भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा, आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांच्या आत, असं त्याचं सूत्र. ऋजुता दिवेकर यांची मांडणी याच्या उलट दिशेची: थोड्या थोड्या अंतराने खा, आपल्या मुलखातलं खा, आणि शेवटचं जेवण झोपेच्या किमान दोन तास आधी उरका. लग्नाच्या पंगतीपासून सोसायटीच्या बाकापर्यंत या दोन पक्षांचे अनुयायी एकमेकांना भेटतात आणि वाद घालतात.

हा वाद मुळात वजनाचा आणि मधुमेहाचा होता. अलीकडे त्यात कर्करोग आला आणि सूर पालटला. रात्री उशिरा जेवणाऱ्याला कर्करोग होतो, सोळा तास उपाशी राहिलं की कर्करोगाच्या पेशी मरतात, आपले पूर्वज हे जाणत होते म्हणून सूर्यास्तानंतर जेवत नसत, आणि आता नोबेलनेही त्यावर शिक्कामोर्तब केलं, अशी विधानं छापील पुरवण्यांत, व्याख्यानांत आणि मोबाइलवरच्या संदेशांत सारख्याच आत्मविश्वासाने येतात. वजन वाढण्याची भीती माणूस हसून टाळतो, पण कर्करोगाची टाळता येत नाही. ज्या घरात हा आजार येऊन गेला आहे, तिथे अशा वाक्याचा अर्थ 'तुम्ही वेळेवर जेवला असतात तर' असा होतो. म्हणून या लेखनाची चिकित्सा करणं मला गरजेचं वाटतं.

ही चिकित्सा कथा-कवितेच्या समीक्षेसारखीच आहे. हे लेखन काय म्हणतं, कशाच्या आधारे म्हणतं आणि काय गाळतं, एवढंच मी पाहणार आहे. माझा निष्कर्ष आधीच सांगते. यामागचं विज्ञान खरं आहे आणि मोलाचं आहे. पण आपलं लोकप्रिय लेखन ते अर्ध्यावर सोडतं आणि उरलेला सगळा भार जेवणाऱ्याच्या इच्छाशक्तीवर टाकतं. तेच विज्ञान शेवटपर्यंत वाचलं तर बोट ताटाकडे कमी आणि माणसाची वेळ ठरवणाऱ्या व्यवस्थेकडे जास्त जातं. मी भूगावात राहते. मुळशी तालुक्यातलं हे गाव पुण्याला चिकटून आता अर्धं शहर झालं आहे. वेळ ठरवणारी व्यवस्था म्हणजे काय, हे इथे रस्त्यावर उभं राहूनही दिसतं. त्याकडे पुढे येईन.

पेशीतलं घड्याळ

'जैविक घड्याळ' हा शब्द आपल्याकडे इतका सैल वापरला जातो की ते एक रूपक आहे असंच वाटावं. प्रत्यक्षात ती एक रासायनिक यंत्रणा आहे. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेंझर यांना फळमाश्यांमध्ये असं एक जनुक आढळलं की त्यात बिघाड झाला तर माशीचा दिवस लांबतो, आखडतो किंवा त्याची लयच नाहीशी होते. या जनुकाच्या आज्ञेने एक प्रथिन तयार होतं, पेशीत साठत जातं, केंद्रकात शिरतं आणि स्वतःच्याच जनुकाला गप्प करतं. मग ते प्रथिन हळूहळू विघटित होतं आणि जनुक पुन्हा बोलू लागतं. या फेऱ्याला साधारण चोवीस तास लागतात. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रोसबाश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

माणसाच्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, सुमारे वीस हजार चेतापेशींचा पुंजका आहे. ते मुख्य घड्याळ, आणि ते प्रकाशावर लागतं. पण यकृत, स्वादुपिंड, आतडी, त्वचा अशा बहुतेक अवयवांच्या पेशींत आपापली घड्याळं असतात. यकृताचं घड्याळ अन्नाच्या वेळेवरही लागतं, हे २००० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून स्पष्ट झालं. उंदीर निशाचर. त्यांना फक्त दिवसा खायला दिलं तेव्हा काही दिवसांत यकृताचं घड्याळ उलटं फिरलं, मेंदूतलं मात्र जागचं हललं नाही. एकाच शरीरात दोन वेळा चालू लागल्या. 'अवेळी खाणं' या आपल्या घरगुती शब्दाला शास्त्रात नेमका अर्थ मिळतो तो इथे.

याचा पेशीच्या प्रकृतीशी काय संबंध? पेशी सगळी कामं एकाच वेळी करत नाही. पचन, साठवण, विभाजन आणि दुरुस्ती यांच्या पाळ्या असतात. डीएनएची दुरुस्ती उलगडल्याबद्दल २०१५ च्या नोबेलचे एक मानकरी ठरलेले अझीझ सांजार आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवलं की उंदराच्या त्वचेत दुरुस्तीचं एक महत्त्वाचं प्रथिन दिवसाच्या ठरावीक वेळी भरपूर असतं आणि ठरावीक वेळी अगदी कमी. २०११ च्या प्रयोगात त्यांनी उंदरांच्या एका गटाला पहाटे चारला आणि दुसऱ्याला दुपारी चारला तेवढेच अतिनील किरण दिले. पहाटेच्या गटात त्वचेच्या गाठी लवकर आल्या आणि त्यांची संख्या पाचपट भरली. घाव तेवढाच होता, फक्त दुरुस्तीवाले पाळीवर नसताना पडला.

सॅन दिएगोजवळच्या सॉल्क संस्थेत मूळचे ओडिशाचे सच्चिदानंद पांडा यांच्या गटाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोगही महत्त्वाचा आहे. चरबीयुक्त खाद्य दिवसभर मिळणारे उंदीर लठ्ठ आणि आजारी झाले. तेवढंच खाद्य आठ तासांच्या खिडकीत मिळालेले उंदीर बऱ्याच अंशी वाचले. २०२१ मध्ये सॅन दिएगोतल्याच संशोधकांनी रजोनिवृत्त अवस्थेतल्या लठ्ठ माद्यांमध्ये खाण्याचे तास मर्यादित केल्यावर स्तनाच्या गाठींची वाढ मंदावल्याचं दाखवलं. त्याचा संबंध रक्तातलं वाढलेलं इन्शुलिन उतरण्याशी होता.

इथपर्यंत आपलं लोकप्रिय लेखन विज्ञानाशी प्रामाणिक असतं. घोटाळा यानंतर होतो.

उंदरापासून माणसापर्यंत

जेवणाची वेळ आणि कर्करोग यांवर माणसांमध्ये झालेल्या अभ्यासांपैकी दोन वारंवार सांगितले जातात. पहिला स्पेनचा, २०१८ चा. स्पेनमध्ये रात्रीचं जेवण उशिरा करण्याची रीत आहे, म्हणून तो देश या प्रश्नासाठी सोयीचा. स्तनाचा कर्करोग झालेल्या १,२०५ स्त्रिया, पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग झालेले ६२१ पुरुष आणि तुलनेसाठी हे आजार नसलेले स्त्री-पुरुष यांना जेवण्या-झोपण्याच्या वेळा विचारण्यात आल्या. जेवणानंतर लगेच झोपणाऱ्यांच्या तुलनेत दोन किंवा अधिक तासांनी झोपणाऱ्यांमध्ये या दोन कर्करोगांचा धोका मिळून सुमारे २० टक्क्यांनी कमी दिसला. दुसरा अभ्यास अमेरिकेतला, २०१६ चा. सुरुवातीच्या टप्प्यातला स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या २,४१३ स्त्रियांमध्ये ज्यांचा रात्रीचा उपवास तेरा तासांपेक्षा कमी होता, त्यांच्यात आजार परतण्याचं प्रमाण ३६ टक्क्यांनी जास्त आढळलं. मृत्यूच्या प्रमाणात मात्र खात्रीने सांगता येईल असा फरक दिसला नाही.

हे आकडे मराठीत आले की त्यांचं काय होतं ते पाहण्यासारखं आहे. '२० टक्के कमी धोका' वाचणाऱ्याला वाटतं की शंभरातले वीस जण वाचले. त्याचा अर्थ तसा नाही. समजा एखादा आजार शंभरात पाच जणांना होणार असेल, तर २० टक्क्यांनी कमी म्हणजे चार जणांना. हा एक माणूस क्षुल्लक नाही, पण तो वीसही नाही. दुसरं म्हणजे हे दोन्ही निरीक्षणाचे अभ्यास आहेत. जो माणूस रात्री आठला जेवून दहाला झोपतो, त्याची नोकरी, झोप, मद्यपान, व्यायाम, उत्पन्न हे सगळं अकराला जेवणाऱ्यापेक्षा वेगळं असण्याची शक्यता असते. संशोधक गणिताने हे फरक वजा करायचा प्रयत्न करतात, पण ते पूर्ण वजा होत नाहीत. जेवणाची वेळ बदलल्यामुळे माणसांमध्ये कर्करोग कमी झाला, असं चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या प्रयोगाने सिद्ध झालेलं नाही. आणि तिसरी गोष्ट गमतीची आहे. तेरा तास म्हणजे रात्री आठला जेवून सकाळी नऊला न्याहारी. म्हणजे अमेरिकेतल्या त्या अभ्यासाचा आधार घेऊनही सोळा-अठरा तासांच्या तपश्चर्येपर्यंत पोचता येत नाही. ती तपश्चर्या आपल्या लेखकांनी पदरची घातली आहे.

वजनाच्या बाबतीत प्रयोग झाले आहेत आणि त्यांनी उत्साह आवरायलाच सांगितलं आहे. ग्वांगझोमध्ये १३९ लठ्ठ स्त्री-पुरुषांवर वर्षभर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सगळ्यांचा आहार कमी केला होता. त्यातल्या अर्ध्यांनी तो आठ तासांत खाल्ला. दोन्ही गटांची वजनं उतरली आणि त्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

पुरावा कसा उभा राहतो याचं उदाहरण शोधायला परदेशी जायला नको. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९८ पासून मुंबईत सुमारे दीड लाख स्त्रियांचा पाठपुरावा केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकेने दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी केली तर मृत्यू कमी होतात का, हा प्रश्न होता. वीस वर्षांनी, २०२१ मध्ये, निष्कर्ष आले. आजार आधीच्या टप्प्यावर सापडू लागला होता, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले होते. उशिरा जेवण्याबद्दल मी शंभर मजकूर वाचले असतील. वीस वर्षांच्या या मराठी मुलखातल्या कामाबद्दल त्यांपैकी फार थोड्यांत काही होतं.

नोबेलचा शिक्का

'उपवासाने कर्करोग मरतो, याला नोबेल मिळालं' हे विधान योशिनोरी ओसुमी यांच्या नावावर फिरतं. २०१६ चं नोबेल त्यांना मिळालं हे खरं. त्यांनी यीस्टच्या पेशी उपाशी ठेवल्या आणि त्या आपलेच जुने-मोडके भाग पिशव्यांत गुंडाळून पचवतात, त्याची यंत्रणा आणि जनुकं शोधली. या क्रियेला स्वभक्षण म्हणतात. पण हे काम यीस्टवर झालं होतं, एकादशी करणाऱ्या माणसांवर नव्हे.

आणि स्वभक्षणाचं कर्करोगाशी नातं सरळ नाही. निरोगी पेशीत ही सफाई बिघाड साचू देत नाही, म्हणून आजाराच्या आधी ती संरक्षक ठरू शकते. पण गाठ एकदा जमली की तिच्या आतल्या पेशींना रक्तपुरवठा तोकडा पडतो, आणि तेव्हा त्या याच युक्तीने तग धरतात. म्हणून काही संशोधक कर्करोगाच्या उपचारात स्वभक्षण रोखण्याचे मार्ग शोधत आहेत. हे अर्धं सत्य गाळून 'उपाशी राहा, गाठ विरघळेल' असं लिहिणं माझ्या मते निष्काळजीपणाच्या पुढचं आहे. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाचं वजन आधीच उतरत असतं. त्याने अशा मजकुरावर विसंबून जेवण तोडलं तर उपचार सोसण्याची ताकदच जाते. अशा रुग्णाने काय आणि केव्हा खावं, हे त्याच्या डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनी ठरवायचं आहे.

पूर्वजांची साक्ष

या लेखनाचा दुसरा आवडता साक्षीदार म्हणजे परंपरा. आपले पूर्वज दिवेलागणीला जेवून मोकळे होत, हे भूगाव-भुकूम पट्ट्यातले म्हातारेही सांगतात आणि ते खरं आहे. भातखाचरात दिवसभर राबलेला माणूस लवकर जेवे, लवकर झोपे. पण त्यात दिव्याच्या तेलाचा हिशेबही होता. कंदिलाच्या उजेडात बसून राहणं परवडत नसे. जे काटकसरीतून आलं, त्याला आज आपण दूरदृष्टी म्हणतो.

शिवाय परंपरा एकसुरी नाही. जैनांचा चौविहार सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य करतो, पण त्याचं कारण अहिंसा आहे, अंधारात अन्नात पडणारे जीव आहेत. पेशींचं आरोग्य त्यात नाही. उलट संकष्टी चतुर्थी घ्या. दिवसभर उपाशी राहून चंद्रोदयानंतर जेवायचं, आणि त्या तिथीचा चंद्रोदय बहुधा नऊच्या आसपास, कधी त्याहूनही उशिरा होतो. व्रतांमध्ये 'नक्त' नावाचा प्रकारच आहे. त्यात दिवसा उपास करून रात्री एकदा जेवायचं असतं. हरतालिकेला जागरण असतं. दिवाळीत तर अभ्यंगस्नान करून उजाडायच्या आत आपण चकली-करंजीवर हात मारतो. यकृताच्या घड्याळाला विचारून यातलं काहीच ठरलेलं नाही. चरकसंहितेतला नियमही घड्याळाचा नाही: आधीचं अन्न जिरल्यावर पुढचं खावं. तो नियम चांगला आहे, पण त्यातून कर्करोगाचं शास्त्र काढणं म्हणजे चरकाच्या तोंडी आपलं बोलणं घालणं.

याच युक्तिवादाचा आधुनिक अवतार म्हणजे गाव आणि शहर यांची तुलना. भारतातली पहिली कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये सुरू झाली. ग्रामीण भागातली पहिली नोंदणी सोलापूर जिल्ह्यात, बार्शीत, १९८७ मध्ये. स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण मुंबई-पुण्यात बार्शीपेक्षा कितीतरी जास्त आढळतं. 'बघा, गावात लोक लवकर जेवतात' असं म्हणण्याचा मोह इथे होतो. पण पहिलं मूल कोणत्या वयात झालं, मुलं किती, अंगावर किती महिने पाजलं, रजोनिवृत्तीनंतर वजन किती वाढलं, या प्रत्येक बाबतीत शहर आणि गाव वेगळं आहे, आणि यातल्या प्रत्येकीचा स्तनाच्या कर्करोगाशी असलेला संबंध जेवणाच्या वेळेपेक्षा जास्त ठामपणे सिद्ध झालेला आहे. बार्शीत गर्भाशयमुखाचा कर्करोग दीर्घकाळ वरच्या क्रमांकावर राहिला, हेही त्याच नोंदवहीत आहे. लवकर जेवण्याने तो अडला नाही. आणि महाराष्ट्रात तोंडाच्या कर्करोगाबद्दल बोलायचं तर गुटखा, तंबाखू आणि मिश्री यांच्यापुढे ताटाची वेळ ही फार लांबची गोष्ट आहे.

भोंगा आणि भाकरी

मग या सगळ्या विज्ञानातला सर्वांत वजनदार भाग कोणता? तो रात्रीच्या जेवणाबद्दलचा नाही. तो रात्रपाळीबद्दलचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये दैनंदिन लय मोडणाऱ्या पाळीच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं, आणि २०१९ मध्ये सगळा पुरावा पुन्हा तपासून रात्रपाळीचं काम त्याच गटात ठेवलं. हे वर्गीकरण खात्री किती हे सांगतं, धोका किती हे नव्हे. याच्या विरोधातला पुरावाही आहे. ब्रिटनमधल्या मोठ्या पाहण्यांवर आधारलेल्या २०१६ च्या विश्लेषणात रात्रपाळीमुळे स्तनाचा कर्करोग वाढल्याचं दिसलं नव्हतं. तरी प्राण्यांमधला पुरावा भक्कम, यंत्रणा समजलेली आणि माणसांमधला पुरावा मर्यादित पण गंभीर, असा संस्थेचा निवाडा आहे. २००७ नंतर लवकरच डेन्मार्कने वर्षानुवर्षं रात्रपाळी करून स्तनाचा कर्करोग झालेल्या काही स्त्रियांना भरपाई दिली. म्हणजे तिथे हा प्रश्न स्वयंपाकघरातून उठून कामगार कायद्यात गेला.

आपल्याकडे तो तिथे फार आधी गेला होता, हे आपण विसरलो आहोत. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यातल्या मागण्या आजच्या विषयाच्या डोळ्यांनी वाचाव्यात: आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद. पेशीतलं घड्याळ तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. पण भाकरी खायला वेळ आणि रात्र झोपेसाठी, ही मागणी व्यक्तीच्या सवयीची नसून मालकाकडे करायची आहे, हे लोखंड्यांना स्वच्छ दिसलं होतं. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली. सूर्यास्ताची मर्यादा मात्र विजेच्या दिव्यांनी पुसून टाकली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत दिवे लागले आणि कामाचा दिवस पंधरा तासांवर गेला. कापड गिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळायला १९११ चा कायदा यावा लागला.

पुढे पाळ्या आल्या, आणि पाळ्यांमागे खानावळी आल्या. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांच्या चुली भोंग्यावर चालत. या बायकांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा प्रश्न कर्जाचा आणि उधारीचा होता. पण पाळीवर जाणाऱ्याचा डबा आणि पाळीवरून येणाऱ्याचं ताट सांभाळणारी बाई स्वतः केव्हा जेवत होती, हा प्रश्नही त्यात दडलेला आहे.

गिरण्या गेल्या, भोंगा गेला, पाळ्या राहिल्या. भूगावातून पौड रस्त्याने पश्चिमेला गेलं की पिरंगुटचे कारखाने आहेत, उत्तरेला डोंगरापलीकडे हिंजवडी आहे. इथल्या सोसायट्यांत अमेरिकेच्या दिवसावर काम करणारी मुलं-मुली राहतात. त्यांचं मुख्य जेवण आपल्या मध्यरात्री होतं. त्याच सोसायटीच्या फाटकावर बारा तासांची पाळी करणारा, मराठवाड्यातून आलेला रखवालदार आहे. रस्त्यालगतच्या मंगल कार्यालयांत शेवटची पंगत उठल्यावर, भांडी धुऊन झाल्यावर आचारी आणि वाढपी जेवायला बसतात. अकरा वाजता दुसऱ्याचं जेवण पोचवणारा मुलगा स्वतः साडेबाराला जेवतो. कार्यालयातून साडेसहाला निघालेला माणूस चांदणी चौकातल्या कोंडीतून आठच्या आत घरी पोचेल असं नाही. या सगळ्यांना 'सातच्या आत जेवा' हा सल्ला म्हणजे त्यांच्या हातात नसलेल्या गोष्टीबद्दल त्यांनाच दोष देणं आहे.

शहराबाहेरही हेच. राज्यात शेतीपंपांना वीज आळीपाळीने, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळत आली आहे. दिवसा वीज द्या या मागणीत साप आणि बिबट्या येतात, ते योग्यच आहे. पण वर्षातल्या कित्येक रात्री पिकाला पाणी धरणारा शेतकरी हाही रात्रपाळीचा कामगार आहे, हे आरोग्यलेखनात कुठे येत नाही. आणि घरात? सगळ्यांचं झाल्यावर जेवणारी बाई आजही आहे. मुलांचं आठला, सासऱ्यांचं साडेआठला, उशिरा येणाऱ्याचं दहाला, मग तिचं. ओटा आवरून ती साडेदहाला जेवते आणि पहाटे डब्यासाठी उठायचं म्हणून अकराला आडवी होते. स्पेनच्या अभ्यासातला दोन तासांचा अवकाश या घरात सर्वांत आधी कोणाला नाकारला जातो, ते उघड आहे. आरोग्याच्या पुरवण्या तिच्यासाठीच छापल्या जातात, आणि कुटुंबाला वेळेवर वाढण्याची जबाबदारीही तिच्याच माथी येते.

दीक्षित आणि दिवेकर यांच्या मांडण्यांकडे या उजेडात पाहिलं तर दोघांच्या मर्यादा दिसतात. दीक्षितांची योजना वेळ निवडण्याची मुभा देते, म्हणून ती पाळीवाल्याला सोयीची वाटते. पण तेच अन्न रात्री खाल्लं तर रक्तातली साखर जास्त चढते, ही घड्याळाची बाजू त्यात हिशेबात धरलेली नाही. दिवेकरांचा झोपेआधी दोन तासांचा नियम स्पेनच्या निष्कर्षाशी जुळतो, पण दर थोड्या वेळाने खाण्यासाठी ज्या दिवसाची गरज असते, तो दिवस असेंब्ली लाइनवर उभ्या असलेल्याकडे नसतो. दोघांचाही मनातला वाचक स्वतःचा दिवस स्वतः आखू शकणारा आहे. तो वाचक आहे, पण तो एकटाच नाही.

लिहिणाऱ्यांकडून अपेक्षा

म्हणून हे सगळं सोडून द्यावं का? अजिबात नाही. ज्याच्या हातात आहे त्याने रात्रीचं जेवण आणि झोप यांत दोनेक तास ठेवावेत, रात्रभरात बारा-तेरा तास पोटाला विश्रांती द्यावी, आणि जेवणाच्या वेळा रोज फार हलू देऊ नयेत. याने कर्करोग टळेल अशी हमी नाही, पण झोप आणि साखर यांना मदत होण्याची शक्यता आहे आणि त्यासाठी खर्च काही नाही. मधुमेहाची औषधं घेणाऱ्याने मात्र उपवास लांबवण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. तंबाखू सोडणं आणि वेळेवर तपासणी करणं यांची जागा मात्र ताटाची वेळ घेऊ शकत नाही.

ज्यांच्या हातात नाही, त्यांच्यासाठीही विज्ञानाकडे काही आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात १९ निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखं जागवलं. रात्री जेवलेल्या गटात साखरेची सरासरी पातळी ६.४ टक्क्यांनी वाढली. रात्री जागूनही दिवसाच जेवलेल्या गटात ती वाढली नाही. प्रयोग लहान आहे आणि साखरेचा आहे, कर्करोगाचा नाही. पण त्यातून कारखान्याला विचारता येईल असा साधा प्रश्न निघतो: रात्री दोनला उपाहारगृहात बटाटेवडा आणि गोड चहाच का? त्याऐवजी पाळीआधी पोटभर जेवण आणि पाळीत हलकं काही, अशी सोय करता येईल का? पाळ्या दर आठवड्याला उलटसुलट फिरवणं थांबवता येईल का? स्त्रियांना रात्रपाळीची मुभा देताना आपल्याकडे चर्चा होते ती सुरक्षित वाहतुकीची. ती हवीच. पण वर्षानुवर्षं रात्र जागणाऱ्या शरीराची नियमित तपासणी कोणाच्या खर्चाने व्हावी, ही चर्चा तिच्या शेजारी यायला हवी.

हे प्रश्न विचारणारं मराठी आरोग्यलेखन माझ्या वाचनात फार थोडं आलं. वाचकाला ताटापुढे बसवून घड्याळ दाखवणारं मात्र उदंड आलं. लोखंड्यांनी १८८४ मध्ये मागितलेल्या अर्ध्या तासाची आणि सूर्यास्ताची मागणी आज पेशीतल्या जनुकांचा आधार घेऊन पुन्हा करता येते. विज्ञानाने एवढा भक्कम साक्षीदार हाताशी दिलेला असताना त्याला फक्त रात्रीची पोळी नाकारायला उभं करणं हा त्या साक्षीदाराचाही अपमान आहे. येत्या वर्षी कोणी या विषयावर लिहील, तर त्याने आपली पहिली मुलाखत रात्री साडेदहाला ओटा पुसून ताट वाढून घेणाऱ्या बाईची घ्यावी, आणि दुसरी तिसऱ्या पाळीच्या उपाहारगृहात घ्यावी.